कोंबडी उठते तेव्हा

किमया रडत होती, कारण कॅन्सरच्या पेशी मेल्या होत्या.

"मेल्या तर ब्येस झालं की!" पिरंगुटच्या त्या प्रयोगशाळेचा शिपाई गेणबा चहा ठेवत म्हणाला. कॅन्सर मेला म्हणून डोळे पुसणारी बाई त्याने जन्मात पाहिली नव्हती.

किमयाने नाक ओढत त्याला समजावले. रोग्याच्या रक्तात या पेशी चुकूनमाकून सापडतात. तिने बनवलेला जेलीचा थर त्यांना बरोब्बर पकडतो, पण सोडत मात्र नाही. रसायन घालून सोडवाव्यात, तर मरतात. आणि जिवंत मिळाल्याशिवाय त्यांच्यावर कोणते औषध चालेल हे कळणार कसे? सोमवारी प्रयोगशाळेचे प्रमुख नरहरी सर काम तपासायला येणार होते. तोवर पेशी जिवंत सुटल्या नाहीत, तर तिचे तीन वर्षांचे काम बंद.

"आता या पेशींची शेवटची बशी उरलीय, मामा. त्या पेटीत उबवायला ठेवलीय. हात लावू नका."

शनिवारी सकाळी ती आली, तर उबवणपेटीचे दार सताड उघडे. डिसेंबरचा गारठा सरळ आत शिरत होता. शेजारी गेणबा फडके घेऊन निवांत उभा.

"मामा! हे काय केलंत?"

"बशीला हात लावला न्हाई, म्याडम. पर अंड्यांवर बसल्याली खुडूक कोंबडी बी दिसातनं एकदा उठती. अंड्यास्नी वारा लागाया नको? तुमी सदा दार लावून ठेवताय. गुदमरून मरत्यात बिचाऱ्या."

"उद्यापासून येऊ नका तुम्ही!"

गेणबा डबा उचलून निघाला. बशी फेकण्याआधी किमयाने निव्वळ सवयीने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि जागीच खिळली. थर गारठून सैल पडला होता. पेशी सुटून मजेत तरंगत होत्या. मेलेल्या पेशींना चढणारा रंग तिने घालून पाहिला. एकीलाही चढला नाही!

ती अनवाणीच बसथांब्याकडे पळत सुटली. गेणबा तिच्याकडे बघेना.

"मामा, चुकलं माझं. जगल्या सगळ्या! दार किती वेळ उघडं होतं?"

"कोंबडी दाणं टिपून येती, तेवढा."

"म्हणजे किती मिनिटं?"

"त्ये मला काय इचारता? तिला इचारा."

रविवारी सकाळपासून किमया माले गावात गेणबाच्या अंगणात हातात घड्याळ धरून उभी होती, आणि कोंबडी काही केल्या उठायला तयार नव्हती.