डावा हात

"पण निसटली कशी?" थोरल्याने दारातूनच विचारलं.

वहिनीने सासऱ्यांच्या नाकातून बाहेर आलेली नळी वाडग्यात ठेवली आणि नाकावरची चिकटपट्टी ओल्या कापसाने हळूहळू सोडवली. खाली कातडी लाल झाली होती. धाकटी खाटेजवळच्या खुर्चीवर बाळाला घेऊन बसली होती. सकाळच्या गाडीने आली ती तशीच. अंगावरचे प्रवासाचे कपडेसुद्धा बदलले नव्हते.

झटका आला तेव्हा बाबांची उजवी बाजू गेली. मग वाचा गेली, मग गिळणं. आता पातळ पेज नळीतून पोटात जायची. डावा हात तेवढा हलायचा.

डॉक्टर फोनवर आडपडदा न ठेवता बोलले होते. नळी पुन्हा घालायची असेल तर येऊन घालतो. घालायची नसेल तर तसं सांगा, त्यांना दुखू नये एवढं मी बघेन. मग फार दिवस लागणार नाहीत. पण घरात एकमत करा आणि मला कळवा.

"एकमत कसलं करायचंय त्यात," थोरला म्हणाला. "घाला म्हणून सांगतो. पोटच्या पोरांनी बापाला उपाशी मारायचं?"

"तुम्ही दारातून बोलता," वहिनी म्हणाली. "त्यांच्या पाठीची जखम मी धुते. बोट आत जातं माझं." तिने हात पुसले. "आणि नळी निसटली नाही. त्यांनी ओढली. मागच्या वेळीही त्यांनीच ओढली होती. तुम्हाला निसटली म्हणून सांगितलं, कारण तुम्ही त्यांचा हात खाटेला बांधायला लावला असता."

थोरला म्हणाला, "त्यांना काय कळतंय? हात आपोआप हलतो, डॉक्टरच म्हणाले. हे बाळ बघ. बोट दिलं की मूठ आवळतं. त्यात माया असते का?"

धाकटीने खाली बघितलं. बाळाने तिचं बोट घट्ट धरलं होतं. आत्तापर्यंत तिला ती मायाच वाटत होती.

"तू बोल की काहीतरी, कंपाउंडर," थोरला म्हणाला.

हे नाव बाबांनी ठेवलेलं. बाबा जनावरांचे डॉक्टर. शाळा सुटली की ती तडक दवाखान्यात जायची, स्टुलावर उभी राहून कापसाचे बोळे पुढे करायची. थोरल्याला रक्त बघवायचं नाही. तो बाहेर पायरीवर बसायचा आणि मधूनच आत डोकावायचा.

जे जनावर वाचण्यातलं नसे, त्याला बाबा शेवटची सुई द्यायचे. त्यांची अट एकच. मालकाने आत थांबायचं. भली धिप्पाड माणसं काढता पाय घ्यायची. "डॉक्टर, बघवत नाही हो, तुमचं झालं की हाक मारा." बाबा सिरिंज खाली ठेवायचे. "मग परत घेऊन जा. दाराकडे बघत बघत मरायचं का त्याने?" मालक नाक पुसत आत यायचा. मग बाबा डावा तळहात जनावराच्या डोळ्यांवर ठेवायचे, अलगद, झोपल्या पोरावर पांघरूण घालावं तसा. आणि उजव्या हाताने सुई.

"सुईला घाबरू नये म्हणून का हो, बाबा?" तिने एकदा विचारलं होतं.

"सुईचं काय त्याला. ते मालकाचं तोंड बघून घाबरतं. मालक जवळ हवा, त्याचा वास हवा, आवाज हवा. रडकं तोंड तेवढं दिसायला नको. ते दिसलं की जीव अडकतो."

हात धुताना मग स्वतःशीच हसायचे. "वर गेलो की आधी कुत्र्यांशी गाठ आहे माझी."

धाकटीने बाळ वहिनीच्या हातात दिलं आणि ती खाटेच्या कडेवर टेकली. बाबांचे डोळे उघडे होते. ते तिच्याकडे बघत होते की तिच्या मागच्या भिंतीकडे, सांगता येत नव्हतं. दाढी आजच केलेली होती. हनुवटीखाली साबणाचा पांढरा ठिपका राहिला होता. तिने तो पदराने टिपला.

"दादा, आत ये ना."

"इथून ऐकू येतंय मला," थोरला म्हणाला. त्याने फोन कानाला लावला होता.

ती बाबांवर वाकली. "बाबा, नळी घालू या ना परत? थोडेच दिवस. बाळ बोलायला लागेपर्यंत. तुम्हाला हाक मारेपर्यंत." तिने ओठ दाबून धरले, तरी चेहरा वेडावाकडा होत गेला, आणि तो तसा बाबांच्या चेहऱ्यापासून वीतभरावर राहिला.

"हां डॉक्टर, या तुम्ही," दारात थोरला सांगत होता. "नळी पुन्हा..."

चादरीवरून डावा हात उठला. वहिनीला वाटलं, सवयीने नाकाकडे जाईल. तो नाकाकडे गेला नाही. थरथरत वर आला, धाकटीच्या ओल्या गालावर एकदा अडखळला, आणि तिच्या डोळ्यांवर येऊन टेकला. अलगद.

थोरल्याचं बोलणं मध्येच तुटलं. फोनमधून डॉक्टरांचं "हॅलो, हॅलो" बारीक ऐकू येत राहिलं, मग तेही बंद झालं.

धाकटी हलली नाही. तळहाताखालच्या अंधारात तिला दादाची पावलं ऐकू आली. ती दारातून निघाली आणि खाटेपाशी येऊन थांबली.