ठिगळावरचा अंगठा

जुन्या स्पीडबोटीच्या पेट्रोलच्या रिकाम्या फायबर टाकीत हरेश्वरनं बॅटरी मारली आणि त्याचा हात थबकला. कोपऱ्यातल्या ठिगळावर मोतीरामच्या अंगठ्याचा ठसा होता. फायबर चिकटवायचं रेझिन ओलं असतानाच प्रत्येक कामावर अंगठा उमटवायची धाकट्या भावाला खोडच होती. "पोरखेळ पुरे!" म्हणून हरेश्वर दर वेळी खेकसायचा. मोतीराम गेला, आणि वर्कशॉपात खेकसायलाही कुणी उरलं नाही.

"काका, टाकी चांगली आहे ना? उद्या पोरांना घेऊन निघायचंय," बोट विकत घ्यायला आलेला माणूस वरून म्हणाला.

पेट्रोलनं रेझिन मऊ पडलंय का, हे ठिगळावर दाबूनच कळतं. हरेश्वरनं त्या ठशावरच अंगठा टेकवला. तो चिकटला.

"टाकी गेली. बदलावी लागेल."

त्यानं अंगठा सोडवला. ठिगळावर आता फक्त हरेश्वरचा ठसा होता.