खुलासा पुढील पानावर

चाळीस टाक्यांचे बावन्न झाले, तेव्हा हीराबाईनं सुया मांडीवर टाकल्या. विणायला घेतली होती नातवाची टोपी, आणि होत होता घागरा.

परवा बारसं. पानांच्या जाळीची टोपी मीच विणीन, असं तिनं मानोरा गावातल्या साऱ्या बायांसमोर छाती ठोकून सांगितलेलं. नमुना घरच्या दुकानाच्या रद्दीत सापडला होता, सन चोपन्नच्या कुठल्याशा मासिकाचं एक पान. टोपीचं चित्र, खाली चौकटी, चौकटींत गोळे आणि तिरप्या रेघा. तळाला एक ओळ: खुणांचा खुलासा पुढील पानावर. त्या पुढील पानात तिच्या नवऱ्यानं, पूनमचंदशेठनं, कुणाला तरी हळद बांधून दिली होती. शेठला काय, कागद म्हणजे कागद. चार दिवस ती विणत होती, उसवत होती.

बंजारा तांड्यावरची कमलीबाई ओढणीला लावायच्या काचा घ्यायला आली, ती हे पाहून ओट्यावरच बसली. अक्षराशी तिची ओळख नव्हती. तिनं चौकटींवरून बोट फिरवलं.

"हा गोळा काय व्हय?"

"भोक. चित्रात दिसते ना."

"अन् हे रेघ?"

"उलटा टाका धरला मी. दुसरं काय असंन?"

"मंग दर गोळ्याच्या बाजूलेच काहून बसली थे? भोकानं टाका वाढते का?"

"एक वाढते."

"तं रेघ एक खाते, शेठाणीबाई. नाही खाल्ला तं घागराच होईन."

हीराबाईनं सगळं उसवलं. रेघ आली की दोन टाके एकत्र. चार ओळी झाल्या, सहा झाल्या, चाळीसाचे चाळीसच. आठव्या ओळीला पान उमटलं, चांगलं देठासकट. हीराबाई इतक्या मोठ्यानं हसली की गल्ल्यावरून शेठनं मान वर केली. तिला त्या घडीला कुणाचीच पर्वा नव्हती.

"आता वरच्या काठाले काय घेऊ? कागद तं इथंच सरला."

कमलीबाईनं ओळी मोजायची पेन्सिल उचलली. आजवर तिनं कागदावर अंगठ्यापलीकडे काही उठवलं नव्हतं. जीभ दातांत धरून तिनं त्याच पानाच्या कोऱ्या समासात वाकड्यातिकड्या चौकटी काढल्या, आणि अंगावरच्या ओढणीचा काठ पाहत पाहत त्यांत गोळा, रेघ, गोळा, रेघ भरत गेली. मग कागद हीराबाईपुढे सरकवला.

"वाचा आता."