मास्तरणीचं पातेलं

"खाली ठेव. हातात देऊ नको," बनुबाई म्हणाली.

मरियमनं पितळी पातेलं चिंचेखाली भुईवर ठेवलं. शेजारी वाकळ ठेवली. कोल्हारच्या वेशीबाहेर, प्रवरेच्या काठी, जामखेडकडून दुष्काळानं उठवलेली माणसं झाडांखाली पडून होती; बनुबाई त्यांतलीच. मागं घर उरलं नव्हतं, आणि पुढं कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं. घरात अडगळीला पडलंय ते या लोकांना द्या, असं रविवारच्या उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले होते. पातेलं माळ्यावरच पडून होतं खरं, पण मरियमनं ते चिंचेनं लख्ख घासलं होतं, आतून नवी कल्हई करून घेतली होती. द्यायचं तर धडकं द्यावं, असा तिचा स्वभाव.

"कोनाची गं तू?" बनुबाईनं विचारलं.

"मास्तरांची. मिशनच्या शाळेतल्या."

"म्हंजी किरिस्ताव. आन् त्येच्या आदी कोन हुता?"

"त्याच्या आदीचं कशाला पायजे, आजी?"

"समजलं," म्हातारी म्हणाली.

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. एकुलतं भांडं वाटेत विकून खाल्लेली ही बाई. पण तिनं काठीच्या टोकानं वाकळ दूर लोटली. "ही ने माघारी. कापड भाजून घेता येत न्हाई." मग त्याच काठीनं पातेलं ओढत तीन दगडांच्या चुलीवर चढवलं. रिकामंच. खाली काटक्या सारल्या. जाळ वर आला. "इस्तवातनं काडलं की धातूला इटाळ ऱ्हात न्हाई."

"आजी, कल्हई जाईल की!"

"जाऊ दे. तुजं जे काय लागलंय त्येला, ते समदंच जाऊ दे."

कल्हई वितळली. चकचकीत थेंब होऊन तळाशी गोळा झाली. म्हातारीनं पदरानं पातेलं धरून उपडं केलं, थेंब मातीत झटकले आणि पातेलं पुन्हा जाळावर ठेवलं. मरियमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात तिची नजर म्हातारीच्या सुनेकडं गेली. ठकू पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पोर तापानं मलूल, कोरडी भाकरी त्याला गिळवत नव्हती. ठकूनं नुसती मान हलवली: बोलू नका.

कारण तो विस्तव मरियमच्या घरचा होता. सकाळी म्हातारी नदीवर गेली असताना ठकू फुटकं खापर घेऊन मागच्या दाराशी आली होती. लढाईच्या पायी काडेपेटी दिसेनाशी झालेली, आणि गावातल्या बाकीच्या दारांनी तिला हाड्हुड् केलेलं. मरियमनं आपल्या हातानं चिमट्यात निखारे धरून तिच्या खापरात घातले होते. त्यावरच म्हातारी आता पातेलं शुद्ध करून घेत होती.

शब्द मरियमच्या अगदी जिभेवर आले. एवढं एक वाक्य बोललं की म्हातारी चुलीवर पाणी ओतणार, आणि पोराच्या पोटात आजही काही जाणार नाही. मरियमनं शब्द गिळले. वाकळ पसरली आणि चार हात लांब तिच्यावर बसली.

"बसलीस का आता?" बनुबाई खेकसली. "पातेलं दिलंस, पुन्य मिळालं तुला. जा की!"

"बसते जरा. ऊन लई हाय."

म्हातारीनं पातेल्यात पाणी ओतलं, जोंधळ्याचं पीठ कालवलं, मिठाचा खडा टाकला. पेज शिजेस्तोवर तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. पोटासाठी देव बदलणारी माणसं ही. यांच्या घरचं खाण्यापरीस मेलेलं बरं. मरियमनं सगळं ऐकून घेतलं. तिला रडूही येत होतं आणि म्हातारीच्या झिंज्या उपटाव्यात असंही वाटत होतं.

पेज निवली. पोरानं आधी नुसते ओठ ओले केले, मग आईचा हात दोन्ही हातांनी धरून तोंडाकडं ओढला. ते पोटभर प्यालं. ठकू प्याली. सगळ्यांत शेवटी बनुबाईनं पातेलं पुढ्यात ओढलं आणि बोटानं कडा निपटून चाटल्या.

"बग," ती सुनेला म्हणाली. "भांडं सुद्द असलं की अन्नाला चवच न्यारी."

तेव्हा मरियम उठली. वाकळ झटकून तिनं काखोटीला मारली. ज्याच्या त्याच्या पोटात गेलं होतं, आता ते कुणाला बाहेर काढता येणार नव्हतं.

"ठकू," ती म्हणाली; पण बघत होती म्हातारीकडं. "उद्या इस्तू न्यायला तू येऊ नको. सासूला धाड. सकाळी तू आलीस तसं मागल्या दारानं नको म्हनावं. म्होरल्या दारानं यायचं."

ठकूनं पोराला छातीशी घट्ट धरलं आणि मान खाली घातली. बनुबाईचं बोट तोंडातच राहिलं.