त्या ह्याच्यातलं ते हे

शाळकरी मुलांच्या भाषाकोड्यांच्या स्पर्धेत थोरल्या लेकीनं मैदान मारलं. कधी कानावरही न पडलेल्या एका भाषेतली बारा वाक्यं समोर आली, आणि पठ्ठीनं पाऊण तासात त्या भाषेचं व्याकरण उलगडून दाखवलं.

गळ्यात पदक मिरवत ती स्वयंपाकघरात शिरते तोच दुधापाशी उभी असलेली आई ओरडली, "अगं, त्या ह्याच्यातलं ते हे दे लवकर, हे चाललं उतू."

थोरलीनं डोकं लढवलं. "'ते हे', म्हणजे नपुंसकलिंग. झाकण, फडकं नाहीतर भांडं. आई, अजून एक वाक्य बोल, नक्की काय ते सांगते."

"वाक्य कसलं मागतेस, ते हे दे आधी."

शाळेत भाषेच्या पेपरात तीनदा गटांगळ्या खाल्लेले बाबा बाहेरच्या खोलीतून उठून आले. खालच्या खणातली सांडशी त्यांनी आईच्या हातात दिली आणि पुन्हा जाऊन बसले. तोवर दूध ओट्यावर आलं होतं.

"हेच तर मागत होते मी," आई म्हणाली.



"पण सांडशी स्त्रीलिंगी आहे," ओटा पुसता पुसता थोरली पुटपुटली.