कापसाचा बोळा

"डोळे मिटा, आजी. हे असं लागलं की हो म्हणायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी कापसाचा बोळा सासूबाईंच्या गालावरून फिरवला.

"हो," सासूबाई हसून म्हणाल्या.

मग बोळा तळहातावर आला. बोटांच्या टोकांवरून सावकाश गेला, परत आला. सासूबाई डोळे मिटून वाट बघत होत्या.

"लावा की," त्या म्हणाल्या.

समोरच्या खुर्चीत बाळाला घेऊन बसलेल्या सुनेची मान खाली गेली.

परवा सासूबाईंच्या हातून गरम दुधाचं भांडं निसटलं होतं. रांगत्या पोरीपासून जेमतेम हातभर अंतरावर. सुनेनं झडप घालून तिला उचललं. "आई, तुमच्याकडे नको आता ही. लक्ष कुठे असतं तुमचं?" सासूबाई फडकं आणून फरशी पुसत बसल्या. कोरडी झाली तरी पुसतच होत्या.

लक्षाचं हे गाऱ्हाणं जुनंच होतं. जन्मभर शिवणकाम केलेल्या सासूबाई बोटांत धरलेली सुई खाली शोधायच्या. पूर्वी चिमटीत कापड धरलं की पोत सांगायच्या, हल्ली ते गालाला लावून बघायच्या. "आई आता कापडाचे पापे घेते," मुलगा म्हणायचा. सगळे हसायचे. "वय झालं रे," म्हणत सासूबाईही हसायच्या.

बाळाशीही तेच. मांडीवर घेतलं की गाल तिच्या पोटाला, नाहीतर तळपायाला. "सारखं तोंड नका लावू तिला, जंतू जातात," सुनेनं एकदा सांगितलं. मग एकदा आवाज चढवून सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढे ओढला. "साखरेची गोळी नियमित घेता ना?"

"ही देते ना हातावर. कितीही घाईत असली तरी चुकायची नाही," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

"साखर छान आहे तुमची. पण बी-ट्वेल्व्ह फारच कमी झालंय. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहीजणांचं होतं तसं. त्यानं नसा दुखावतात, हातापायांना कळेनासं होतं. मधूनमधून तपासायला हवं होतं." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "गोळी बंद करायची नाही हं. इंजेक्शनं सुरू करू. बराच फरक पडेल. सगळं परत येईल का, ते आत्ताच नाही सांगता येणार."

"म्हणजे वेंधळेपणा नव्हता तो," सासूबाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. सुनेला मात्र कुठे बघावं ते कळेना.

बाहेर इंजेक्शनसाठी बाकावर थांबायचं होतं. सुनेनं बाळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि आपला हात खाली आधाराला धरला.

सासूबाई अवघडून गेल्या. पोरीनं हात वर केले, त्यांचा चष्मा ओढला, तरी त्या मान मागेच धरून राहिल्या. बोटं तेवढी तिच्या पावलावरून फिरत होती.

"आई, घ्या की तिला जवळ."

"नको गं. तू म्हणालीस ना, जंतू जातात. बरोबर आहे तुझं, लहान जीव आहे."

"मग मी सांगूनसुद्धा परत परत का लावायचात?"

सासूबाईंनी बाळाचं पाऊल मुठीत धरलं, दाबून पाहिलं, सोडून दिलं.

"हिच्या जन्माआधीच गेली होती गं माझी बोटं. हातात घेतली, तर जाड अस्तर धरल्यासारखी लागली. मऊ आहे म्हणून तुम्ही सगळे सांगत होता. मला तेवढं गालाला कळायचं."