लाल झाकण, निळं झाकण

"बसा हो आता," काकू म्हणाल्या. "उभं राहून साखर उतरणार आहे का?"

"बसूनही उतरणार नाही," काका म्हणाले आणि पुन्हा दाराशी जाऊन आत डोकावून आले.

दवाखान्याचा व्हरांडा माणसांनी गजबजला होता. सगळे प्रयोगातलेच. हिवाळाभर प्रत्येकाने रोज दह्याचा एक डबा संपवला होता; कुणी साईच्या दुधाच्या दह्याचा, कुणी साय काढलेल्या. दुधातल्या स्निग्धांशाने मधुमेह जवळ येतो की लांब राहतो, हे डॉक्टरीणबाईंना पाहायचं होतं. आज निकाल होता आणि पांढऱ्या केसांची ती सगळी मंडळी शाळकरी पोरांसारखी चुळबुळत होती.

काकांची साखर काठावर होती. त्यांच्या थोरल्या भावाचा याच दुखण्यात पाय गेला होता. पुढे किती तरी दिवस त्या घराच्या दारात एकच चप्पल दिसायची. काकू ती विसरल्या नव्हत्या.

डब्यांचा नियम सोपा होता. लाल झाकणाचा काकांचा, निळ्या झाकणाचा काकूंचा. कुठल्यात काय, ते कुणाला सांगत नसत. फळांचा गर घालून दोन्हींची चव आणि घट्टपणा सारखा केलेला. डबा संपला की न धुता परत द्यायचा.

पण पहिल्याच दिवशी काकूंनी लाल झाकण उलटं करून आतून बोट फिरवलं. बोट तुपकट झालं. निळं झाकण कोरडं ठणठणीत.

"तुमचं साईचं आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुझ्या वाट्याला याही वेळी पाणचटच."

काकू हसल्या. माहेरी साय भावांची, सासरी दिरांची. त्यांना पातेलं खरवडायला मिळायचं. चुलीशी बसून, बोटं चाटत खाल्लेल्या त्या खरवडीची गोडी अजून जिभेवर होती.

"डबे बदलू या का?" त्यांनी विचारलं.

"नाव काढू नकोस." काकांनी नोकरीभर दुकानांतली वजनमापं तपासली होती. कचेरीत त्यांना 'काटा' म्हणत. "ती डॉक्टर पोर एवढी राबतेय. तिच्या तागडीला आपण खोट लावायची?"

काकूंनी दोन्ही झाकणं परत लावली.

डबे संध्याकाळी यायचे. काका फिरायला बाहेर पडले की काकू फ्रिज उघडायच्या, दोन्ही झाकणं काढायच्या आणि लाल निळ्याच्या जागी, निळं लालच्या जागी बसवायच्या. तागडी गेली खड्ड्यात. ती दारातली चप्पल डोळ्यांपुढे आली की हात आपोआप चालायचे.

सकाळी काकाच आधी उठायचे. चहा टाकायचे, टेबल पुसायचे, दोन्ही डबे समोरासमोर मांडायचे आणि मग बायकोला हाक मारायचे. काकू निळं झाकण उघडून नवऱ्याच्या वाट्याची साय खायच्या. कितीही गर घाला, साय ती साय. पहिल्या घासालाच त्यांना माहेरचं पातेलं आठवायचं. मधे त्यांचं वजन जरा वाढलं, तर त्यांना उलट बरंच वाटलं. आपल्या अंगी लागतंय, म्हणजे ह्यांच्या लागत नाहीये.

"काका, काकू, आत या," डॉक्टरीणबाईंनी हाक मारली.

दोघं बसायच्या आतच त्या म्हणाल्या, "साखर उतरली, काका. काठावरून चांगले मागे आलात."

काकूंनी पदराने डोळे पुसले. काका अर्धे बसले होते ते तसेच राहिले.

"एकट्यावरून मी काही ठरवणार नाही, सगळ्यांचे आकडे जुळवायचेत. पण हसायला हरकत नाही." डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आणि आता गंमत सांगते. दुधातला स्निग्धांश पोटात गेला की रक्तात त्याची खूण राहते. कुणी डबा खरंच खाल्ला, कुणी नातवाला भरवला, सगळं कळतं. तुम्हा दोघांचंही रक्त पाहिलंय."

चोरी पकडली गेली तर लाज, काकूंना वाटलं; आणि नाही गेली, तर? साखर उतरली ती पाणचट दह्यावर, आणि श्रेय चढणार साईच्या नावावर. ते ऐकून उद्या आणखी कुणाचा नवरा वाट्या भरून साय खाईल. त्यांनी शेजारी पाहिलं. काका स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ह्यांना संशय आला, काकूंच्या मनात आलं.

"पोरी, थांब जरा," त्या म्हणाल्या. "मी झाकणं बदलत होते. रोज. ह्यांनी खाल्लं ते बिनसाईचं, साय माझ्या पोटात गेली. ह्यांना यातलं काही ठाऊक नाही. बोलायचं ते मला बोल."

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. मग दुसरा पाहिला. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"असं कसं होईल, काकू? काकांच्या रक्तात साईची खूण आहे, तुमच्यात नावालाही नाही. साईचा डबा त्यांनीच खाल्लाय, बिनसाईचा तुम्हीच. इतकं चोख घर मला दुसरं मिळालं नाही."

काकूंनी दोन्ही कागद स्वतःकडे ओढले. काकांनी हळूहळू मान वर केली.

"अगं," ते म्हणाले, "म्हणजे तू पण?"